रात्रीचा तळ : मोटार-प्रवासी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान

अहमदाबादकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग दहिसर येथे मुंबईच्या हद्दीत शिरतो. तेथून थोडे दक्षिणेकडे आले, की बोरिवलीस डाव्या हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. दिवसभर गाडी हाकून शिणलेल्या माणसाला त्या दारापलीकडची गर्द झाडी दिसली, म्हणजे येथेच गाडी उभी करावी, गाडीतच पथारी पसरावी आणि पहाटे उठून कान्हेरीची लेणी पाहावीत, असा मोह होणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु संध्याकाळी हे दार बंद होते. वन विभागाच्या विश्रामगृहात ज्याने आधी रीतसर व्यवस्था केली असेल त्याची गोष्ट वेगळी. इतर पाहुण्यांनी अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडावयाचे असते. आपल्या गाडीत रात्र काढण्याची सोय तेथे नाही.

उद्यान सार्वजनिक, गाडी स्वतःची, कोणाची खोली अडवायची नाही; मग हरकत कसली, असा प्रश्न यावर विचारला जातो. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून या प्रश्नाला विशेष महत्त्व आले आहे. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. झोपण्याची जागा, छोटे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि शौचालय हे सारे एकाच गाडीत, अथवा गाडीमागे ओढावयाच्या डब्यात, बसविलेले असते. जेथे निसर्ग सुंदर आहे, पण पक्के बांधकाम करता येत नाही किंवा करणे इष्ट नाही, अशा ठिकाणी पर्यटकांच्या निवासाची सोय व्हावी, हा या धोरणामागील एक विचार आहे. हा विचार योग्यच आहे. मात्र त्यावरून ‘जेथे बांधकाम नको तेथे गाडी चालेल’ असा सरसकट निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. बोरिवलीचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

उद्यान आणि बगीचा

पहिला घोटाळा शब्दाचाच आहे. मुलुंड किंवा घाटकोपर येथे महानगरपालिकेने राखलेला, पाळणे आणि घसरगुंडी असलेला बगीचा, त्यालाही आपण उद्यान म्हणतो. आणि बोरिवलीपासून मुलुंड-ठाण्याच्या सीमेपर्यंत पसरलेले, सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे अरण्य, तेही उद्यानच. बगीचा माणसासाठी लावलेला असतो. राष्ट्रीय उद्यान हे वन्य जीवांसाठी राखलेले असते आणि माणसाला तेथे परवानगीने, ठराविक हेतूसाठी आणि ठराविक वेळेपुरता प्रवेश मिळतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाची ही मूळ भूमिका आहे. संशोधन, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना देता येतो. पण जंगलाला धोका पोहोचेल असा विस्तव पेटविणे, प्राण्यांना डिवचणे, कचरा टाकणे यांस तेथे मनाई आहे.

आता गाडीतील मुक्कामाचा विचार करा. मुक्काम म्हटला की चूल आली, उष्टे-खरकटे आले, सांडपाणी आले, दिवा आला. चैत्र-वैशाखात येथील पानगळीच्या जंगलाखाली वाळक्या पानांचा थर साचतो. त्यात एक ठिणगी पुरेशी होते. सांडपाण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. या अरण्यात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये पूर्ण झाला, आणि आजही दोहोंचे पाणी मुंबईकर पितात. दहिसर नदी तुळशीपाशी उगम पावून याच वनातून बोरिवलीकडे उतरते, तर विहारचे ओसंडणारे पाणी मिठी नदीस मिळते. कॅराव्हॅनची मैलाटाकी कोठे रिकामी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर जेथे नाही, तेथे ते उत्तर ओढ्यात सापडते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

रात्रीचे रहिवासी

तथापि सर्वांत मोठे कारण चार पायांचे आहे. २०१८ मध्ये कॅमेरा-सापळ्यांच्या साहाय्याने झालेल्या गणनेत हे उद्यान आणि त्याचा परिसर मिळून ४७ बिबटे नोंदले गेले. एवढ्या मोठ्या महानगराच्या पोटात इतके बिबटे असण्याचे दुसरे उदाहरण जगात क्वचितच आढळेल. हे जनावर दिवसा सहसा दृष्टीस पडत नाही. माणसांची वर्दळ थांबली की ते वाटांवर येते, आणि माणसाने केलेल्या डांबरी रस्त्यावरून चालणे त्यालाही सोयीचे वाटते. म्हणजे उद्यानाचे दार जेव्हा बंद होते, तेव्हाच उद्यानाचा खरा दिवस उजाडतो.

बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात हरणांच्या बरोबरीने भटक्या कुत्र्यांचे अवशेषही मोठ्या प्रमाणावर मिळाले आहेत. या एका नोंदीत बरेच काही आहे. खरकटे पडले की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ज्या ठिकाणी रोज रात्री दहा गाड्या उभ्या राहतील आणि दहा कुटुंबे जेवतील, तेथे ही साखळी काही आठवड्यांतच जुळून येईल. मग पहाटे गाडीचे दार उघडून बाहेर आलेल्या लहान मुलाची आणि त्या जनावराची गाठ पडली, तर दोष कोणाला द्यावयाचा? २००४ साली या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे प्राणास मुकली. अन्यत्र पकडलेले बिबटे येथे आणून सोडण्याची त्या काळची रीत या संकटास कारणीभूत झाली असावी, असे मत अभ्यासकांनी पुढे मांडले. २०११ पासून वन विभागाने संशोधक व नागरिक यांच्या साहाय्याने लोकशिक्षणाचे काम हाती घेतले. त्यात बिबट्या पकडण्यापेक्षा कचरा उचलण्यावर आणि अंधारात एकट्या मुलास बाहेर न सोडण्यावर भर राहिला. उद्यानातील पाड्यांवरचे वारली आणि इतर आदिवासी पिढ्यान्पिढ्या हेच करीत आले आहेत. त्यांना ही रात्र ठाऊक आहे. एका रात्रीच्या पाहुण्याला ती ठाऊक नसते.

परदेशांतील राष्ट्रीय उद्यानांत गाड्यांना मुक्कामाची मुभा असते, असा दाखला नेहमी दिला जातो. तो खरा आहे, पण अर्धाच. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात रात्रीचा मुक्काम नेमून दिलेल्या तळांवरच करावा लागतो. वाटेत कोठेही गाडी लावून झोपता येत नाही. तेथे एके काळी अस्वले कचऱ्याच्या उकिरड्यांवर पोसली जात आणि लोक ती गंमत पाहावयास जात. हे उकिरडे १९७० च्या सुमारास बंद करण्यात आले. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर उद्यानात सिंह, बिबटे आणि हत्ती आहेत आणि कॅराव्हॅनसाठी तळही आहेत. पण ते कुंपणाच्या आत. सूर्यास्ताच्या सुमारास कुंपणाचे दार लागते आणि प्रत्येक पाहुण्याने त्यापूर्वी आत यावयाचे असते. तेथे रात्री माणूस पिंजऱ्यात असतो, असे म्हटले तरी चालेल. क्रूगरचे क्षेत्र सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या जवळजवळ १९० पट आहे. तेथे चार कुंपणे घातली तरी अरण्य उरते. तिन्ही बाजूंनी वस्तीने वेढलेल्या १०४ चौरस किलोमीटरांत जी जागा कुंपणासाठी काढावी, ती प्राण्यांच्या तोंडचीच काढावी लागणार. शिवाय १९९७ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशांनी येथील अतिक्रमणे हटविण्याचे आणि कुटुंबांच्या पुनर्वसनाचे जे अवघड काम झाले, ते लक्षात घेता नव्या मुक्कामाला तेथे वाट करून देणे न्यायाचेही दिसणार नाही.

गरज खरी कोणाची?

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटला. तो मिटत नाही, कारण मुंबईच्या उपनगरांत रोज रात्री गाडीत झोपणारी हजारो माणसे आहेत आणि त्यांतील फारच थोडी हौशी पर्यटक आहेत. अंधेरीच्या साकीनाक्याकडे माल घेऊन आलेला ट्रकचालक आणि त्याचा क्लीनर, शाळेची सहल घेऊन आलेल्या बसचा चालक, पाहुण्यांना विमानतळावर सोडून सकाळच्या भाड्याची वाट पाहणारा टॅक्सीवाला, हे सारे वाहनवासीच आहेत. कॅराव्हॅनमध्ये निदान शौचालय तरी असते.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने चालकाच्या कामाचे तास दिवसाला आठ ठरवून दिले. जेथे कामगारास रात्री थांबावे लागते तेथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी, असेही त्यात सांगितले. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायास लागू होता. एकाच ट्रकचा मालक असलेला चालक, स्वतःच स्वतःचा नोकर, त्याच्या कक्षेत आला नाही. त्याची विश्रांतीची खोली म्हणजे ट्रकची केबिन, आणि केबिन उभी करण्यास जागा नसली तर द्रुतगती मार्गाची कड. रस्त्याच्या कडेला अंधारात उभा असलेला ट्रक हा मागून येणाऱ्यास किती घातक ठरतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. धोकादायक रीतीने वाहन उभे करणे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने वर्ज्य केले आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ११७ नुसार वाहने कोठे आणि किती वेळ उभी राहू शकतील अशा जागा ठरविण्याचा अधिकार शासनास व त्याने प्राधिकृत केलेल्या संस्थेस आहे. पहिल्या तरतुदीचा वापर पोलीस नित्य करतात. दुसरीचा वापर त्या मानाने फार कमी झाला आहे, आणि खरे काम तेथे आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. कान्हेरीच्या लेण्यांपाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही दिसतात. सोपारा आणि कल्याण या बंदरांच्या प्रदेशात ज्यांनी ती लेणी खोदली, त्यांनी मुक्काम म्हणजे प्रथम पाणी, हे ओळखले होते. आषाढीच्या वारीत दिंड्यांचे ट्रक तंबू आणि शिधा घेऊन पुढे जातात आणि जेजुरी, लोणंद, फलटण, वाखरी येथे नेमलेल्या पालखी-तळांवर उभे राहतात. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातील राहुट्यांमुळे नदी मलिन होऊ लागली तेव्हा वारकऱ्यांना केवळ मनाई करून भागले नाही. ‘६५ एकर’ या नावाने ओळखली जाणारी जागा त्यांना पाणी, वीज आणि शौचालये यांसह उपलब्ध करून देण्यात आली. नदी वाचवावयाची तर वारकऱ्यास दुसरी जागा द्यावी लागते, हे तेथे मान्य झाले. बोरिवलीसंबंधीचा युक्तिवादही याहून निराळा नाही.

अशी जागा उपनगरांत शोधू गेल्यास दृष्टी प्रथम जुन्या जकात नाक्यांकडे वळते. दहिसर आणि मुलुंड येथील नाक्यांवर वर्षानुवर्षे मालाच्या गाड्या रांगा लावून उभ्या राहत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात संपली. पण नाक्यांचे स्थान बदललेले नाही. एक नाका राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेस, दुसरा पूर्वेस. एक अहमदाबादच्या वाटेवर, दुसरा ठाणे-नाशिकच्या. शहरात शिरण्यापूर्वी थांबण्याची हीच ठिकाणे होत. या जमिनींच्या विकासाच्या अनेक कल्पना पुढे येत असतात, आणि मुंबईत मोकळी जमीन किती दिवस मोकळी राहते हे सर्वांस माहीत आहे. त्या विकासात काही भाग रात्रीच्या तळासाठी राखला, तर त्याला लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत: गाडी वळविण्यास पुरेल एवढे आवार, पिण्याच्या पाण्याचे नळ, शौचालये व न्हाणीघरे, विजेची जोडणी, मैलाटाकी रिकामी करण्यासाठी भूमिगत गटाराशी जोडलेले तोंड, आणि रात्रपाळीचा पहारेकरी. ट्रकचालक व कॅराव्हॅनचे कुटुंब यांचे आवार वेगळे ठेवावे, पण नळ आणि दर यांत भेद असू नये.

दहिसरच्या तळावर रात्र काढलेल्या पर्यटकास सकाळी बोरिवलीच्या दारापर्यंत येण्यास फार वेळ लागणार नाही. फिरावयास येणाऱ्या बोरिवलीकरांसाठी ते दार भल्या पहाटेच उघडते, आणि आत कान्हेरीपर्यंतचा रस्ता सुमारे सहा किलोमीटरांचा आहे.