उभ्या गाडीचे तास

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. रेशनचा तांदूळ, मीठ, सिमेंट, औषधे, इतकेच काय आपल्या महाविद्यालयातील वह्या-पुस्तकेसुद्धा मालमोटारीनेच घाट चढून येतात. एका बाजूला त्र्यंबककडून येणारा तोरंगणचा घाट आणि दुसऱ्या बाजूला मनोर-विक्रमगडकडून चढत येणारा रस्ता, या दोन वाटांवर आपला सारा व्यवहार चालतो. परंतु ती गाडी चालवणाऱ्या माणसाचा विचार आपण क्वचितच करतो. केला तरी अपघाताची बातमी वाचल्यावर करतो, आणि तोही त्याला दोष देण्यापुरता. प्रस्तुत लेखात या माणसाच्या कामाच्या तासांविषयी थोडा विचार मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

विषय मी घरातूनच घेतला आहे. माझे मामा मोखाडा तालुक्यातील एका पाड्याचे. किन्नर म्हणून ते गाडीवर चढले, ताडपत्री बांधता बांधता आणि टायर बदलता बदलता गाडी शिकले, आणि आज पंधरा वर्षे एका मोठ्या मालवाहतूक कंपनीचा माल वाहत आहेत. आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. तरी लहानपणी मोठेपणी काय होणार असे कोणी विचारले, तर माझे उत्तर ठरलेले असे : मामांसारखा ड्रायव्हर.

दोन वर्षांपूर्वीच्या होळीची गोष्ट. आपल्याकडे होळीचा मान दिवाळीहून मोठा. वीटभट्टीवर गेलेली माणसेही होळीला पाड्यावर परततात. मामाही येणार होते. त्यांची गाडी बोईसरच्या एका कारखान्याच्या दाराशी माल उतरवण्यासाठी उभी होती. तेथून आमचे घर चार तासांच्या वाटेवर. पण नंबर लागेना, आणि गाडी सोडून येताही येईना. पूर्वी गाडीवर किन्नर असे. आता मामा एकटेच. मालाची जबाबदारी त्यांच्या अंगावर. होळी पेटली, राख थंड झाली, तरी मामा दोन रात्री त्या दाराशीच. अखेर घरी आले तेव्हा आजीने विचारले, "एवढं काय काम होतं रे?" मामा म्हणाले, "काम काहीच नव्हतं गं आई. नुसता उभा होतो."

हे उत्तर माझ्या मनातून जाईना. अर्थशास्त्राच्या तासाला आपण वेळेप्रमाणे वेतन आणि कामाप्रमाणे वेतन असे दोन प्रकार शिकतो. मामांना पगार थोडा आणि बाकीची कमाई फेरीवर. निघताना डिझेल, टोल आणि जेवणखाणाची रक्कम हातात मिळते. काटकसर करून त्यातून जे उरेल ते त्यांचे. म्हणजे चाक फिरले तर मोबदला, चाक थांबले तर काही नाही. मग जे तास गाडी दुसऱ्याच्या दाराशी उभी असते, ते तास कोणाचे?

हे तपासून पाहावे म्हणून मी मामांना एक वही दिली आणि प्रत्येक ठिकाणी पोहोचल्याची व निघाल्याची वेळ लिहून ठेवण्यास सांगितले. आधी ते हसले, पण लिहिले. भिवंडी ते नागपूर या एका फेरीची नोंद येथे देतो. सोमवारी सकाळी 10 वाजता गाडी भिवंडीच्या गोदामाशी लागली. माल भरून, बिल्टी हाती पडून निघाली ती रात्री 9 वाजता. येथे 11 तास गेले. मंगळवारी रात्री 9 वाजता ते नागपूरला पोहोचले. या 24 तासांपैकी 15 तास ते स्टिअरिंगवर होते. उरलेल्या 9 तासांत झोप, जेवण, आंघोळ सगळे आले. नागपूरच्या गोदामाशी नंबर लागून गाडी रिकामी झाली ती बुधवारी संध्याकाळी 5 वाजता. येथे 20 तास. एकूण 55 तासांपैकी गाडी धावली 15 तास, आणि दुसऱ्याच्या सोयीसाठी उभी राहिली 31 तास. परतीचे भाडे मिळेपर्यंत गेलेला पुढचा दिवस मी यात धरलेला नाही.

एका फेरीवरून सर्व चालकांविषयी सिद्धान्त मांडणे योग्य नाही, याची मला जाणीव आहे. पण या नोंदीतून एक गोष्ट मला प्रथमच दिसली. भिवंडीला 11 तास गेले म्हणूनच मामांना पुढे 15 तास गाडी हाकावी लागली. नागपूरला पोहोचण्याची वेळ ठरलेली होती. दाराशी गेलेला वेळ तिच्यातून वजा झाला नाही. तो रस्त्यावर, झोपेतून भरून काढावा लागला. आपण ज्याला चालकाचा हव्यास किंवा बेपर्वाई म्हणतो, तिचा उगम कित्येकदा रस्त्यावर नसून गोदामाच्या दारात असतो.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास काम, 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून एक सुटी, अशा त्याच्या तरतुदी होत्या. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने दिवसाला 10 तासांपर्यंत मुभा होती. पुढे हा कायदा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून दिवसाला 8 तासांची मर्यादा तिच्यातही आहे. मामांचे 24 तासांतील 15 तास कोठे आणि ही मर्यादा कोठे!

जुन्या कायद्यातील कामाच्या तासांची व्याख्या विशेष पाहण्यासारखी आहे. कामगार जितका वेळ मालकाच्या दिमतीला असेल तो कामाचा वेळ, असे ती आरंभी म्हणते. गाडी भरणे आणि उतरवणे हेही ती कामातच धरते. मात्र थांब्यावर नुसते हजर राहण्याविषयी बोलताना ती 15 मिनिटांहून कमी अवधीचाच स्पष्ट उल्लेख करते. मामांचे 31 तास यात कोठे बसवायचे? दिमतीला म्हणावे तर ते सर्वच्या सर्व काम. नुसती हजेरी म्हणावी तर वाद. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा वेळापत्रकाने धावणारी प्रवासी गाडी असावी, असे मला वाटते. आपल्या जव्हार आगारातून सुटणाऱ्या एसटीच्या चालकाला आपली ड्युटी केव्हा संपणार हे आधी कळते. गोदामाच्या दाराशी उभ्या असलेल्या चालकाला ते कधीच कळत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. 1961 चा कायदा 5 किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. मोठ्या कंपन्यांचा पुष्कळ माल लहान मालकांच्या भाड्याने लावलेल्या गाड्यांतून जातो. बिल्टी कंपनीची, गाडी दुसऱ्याची, आणि चालक त्या एक-दोन गाड्यांच्या मालकाचा नोकर. मामांचेही असेच आहे. गेली पंधरा वर्षे ते कंपनीचे नाव सांगतात. कंपनीच्या हजेरीपटावर मात्र त्यांचे नाव नाही. गाडी ठरल्यापेक्षा जास्त थांबली तर माल पाठवणाऱ्याकडून हॉल्टिंग मागण्याची रीत या धंद्यात आहे. पण ते मिळाले तर गाडीच्या मालकाला मिळते. चालकाच्या हाती त्यातले काही यावे असा मामांचा तरी अनुभव नाही.

सुधारणा मुळीच झाल्या नाहीत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईच्या वेशीवरील जकात नाक्यांच्या रांगा गेल्या. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि मुंबईच्या उंबरठ्यापासून नागपूरपर्यंत 701 किलोमीटरचा सलग रस्ता मिळाला. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. या सर्व गोष्टी स्वागतार्ह आहेत. तथापि त्यांनी धावत्या गाडीचा वेळ वाचवला. उभ्या गाडीचा नाही. ते वातानुकूलनही इंजिनावर चालते. दाराशी डिझेल जाळत कोण बसणार? म्हणजे वैशाखातली दुपार पूर्वीसारखीच. ई-वे बिलाला दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी मुदत असते. ती संपत आली की कार्यालयातून लगेच फोन येतो. गाडी कोठे उभी आहे हे जीपीएसवर कार्यालयाला मिनिटामिनिटाला दिसते. कागदाची मुदत मोजली जाते, गाडीची जागा मोजली जाते. चालकाचा वेळ तेवढा मोजायचा राहतो.

हे बदलता येणार नाही असे नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटे थांबावेच लागते, आणि दिवसाला साधारणपणे 9 तासांहून अधिक चालवता येत नाही. टॅकोग्राफ नावाचे यंत्र गाडीतच त्याची नोंद ठेवते. आपल्याकडेही 2014 साली सुरू झालेल्या रिविगो या कंपनीने टप्प्याटप्प्यावर चालक बदलण्याची पद्धत आणली. चालकाने आपल्या पट्ट्यापुरती गाडी न्यायची आणि दुसरी गाडी घेऊन घरी परतायचे, अशी ती कल्पना. या कंपनीचा एक्स्प्रेस मालवाहतुकीचा व्यवसाय 2022 साली महिंद्र लॉजिस्टिक्सने घेतला. धंद्याच्या दृष्टीने ती पद्धत किती किफायतशीर, हे जाणकारांनी सांगावे. पण माल पुढे जावा आणि माणूस घरी जावा, या दोन गोष्टींचा मेळ घालण्याचा प्रयत्न झाला, हे महत्त्वाचे.

माझ्या अल्पमतीप्रमाणे आरंभ याहून साध्या गोष्टीने व्हावा. गाडी दाराशी कधी आली आणि कधी सुटली, ही वेळ बिल्टीवरच लिहून तेथील माणसाने सही करावी. ठरावीक तासांनंतरच्या हॉल्टिंगमध्ये चालकाचा वाटा असावा. आणि प्रत्येक मोठ्या गोदामाशी त्याच्यासाठी पाणी, शौचालय व आडवे होण्यास जागा असावी. वेळ कागदावर आली की तिचा हिशेब मागता येतो. मामांचे बोलणे आजवर कोणी ऐकले नाही, याचे एक कारण त्यांच्यापाशी असा कागद नव्हता हेही आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. त्या बंदराविषयी मच्छीमार बांधवांचा विरोध सर्वांना ठाऊक आहे आणि तो वेगळ्या लेखाचा विषय होईल. पण बंदर झाले तर आपल्या जिल्ह्यात मालमोटारी वाढतील आणि आपल्या पाड्यांवरील मुलांना त्यांवर बोलावणे येईल. मालमोटारीचा परवाना वीस वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो. मला पुढल्या वर्षी वीस पूर्ण होतील, आणि परवाना काढून ठेव असे बाबा आतापासून म्हणू लागले आहेत. घरची परिस्थिती पाहता त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. हा धंदा हलका आहे असेही मी मानत नाही. त्याच धंद्यावर मामांनी दोन बहिणींची लग्ने केली. मला नको आहे तो फक्त त्यातला बिनहिशेबी वेळ.

म्हणून माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी भाऊ, काका, वडील गाडीवर असतील. येत्या सुटीत त्यांना एक वही द्या, वेळा लिहायला सांगा आणि कॉलेज उघडल्यावर त्या वह्या घेऊन या. एका फेरीवरून जे सांगता येत नाही, ते शंभर फेऱ्यांवरून सांगता येईल. प्राध्यापकांनी मार्गदर्शन केले तर त्याचा रीतसर अभ्यास होऊ शकेल. मामांची दुसरी वही मी घेऊन ठेवली आहे. तिची पहिली पाने भरत आली आहेत.