नववीतल्या पोराला बीपी?

"डाक्टरसाहेब, बीपी तं म्हाताऱ्यायले होते. हा तं नववीत हाये." गेल्या पावसाळ्यात एक आई मला म्हणाली. पोरगा काटक, बापाबरोबर सोयाबीनचे कट्टे उचलणारा. वर्षभर डोकं दुखत होतं. कुणी म्हणालं चष्मा लागला असेल, कुणी दृष्ट काढली, आणि फारच दुखलं की मेडिकलवरून गोळी. शर्टाची बाही काढायला लावून मी बीपी मोजलं: १४८/९६. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, जवळपास तेवढंच. लघवीतून प्रथिनं जात होती. सोनोग्राफीत एक मूत्रपिंड आकसलेलं दिसलं. लहानपणी त्याला वरचेवर थंडी वाजून ताप यायचा, लघवीला आग व्हायची, हे आईला तेव्हा कुठे आठवलं.

वजन जास्त असलेल्या मुलांत बीपी अधिक आढळतं, हे खरंच. पण पोरगं सडपातळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. अशा मुलाचं बीपी वाढलेलं निघालं, तर आम्ही आधी मूत्रपिंडाकडे बघतो. पायाचं बीपीही मोजतो. ते हातापेक्षा कमी भरलं, तर हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मतःच अरुंद असू शकते.

तेराव्या वर्षापासून १२०/८० च्या आत असलेलं बीपी चांगलं. १३०/८० किंवा त्याहून जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी तीनदा आला, तरच बीपी आहे असं म्हणायचं. दवाखान्याच्या भीतीनेही आकडा चढतो, म्हणून एका मोजणीवर घाबरू नका. पट्टा मात्र दंडाच्या मापाचाच हवा. बारीक दंडाला मोठ्या माणसाचा पट्टा गुंडाळला तर आकडा कमी दिसतो आणि खरा आजार निसटतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि बीपी मोजलं का, हे संध्याकाळी आवर्जून विचारा.

आता मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्याच्या आत राहायचं. भाजी, ठेचा, लोणचं, पापड यांतच ते संपतं. वर मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचं पाणीच खारट, तेही हिशेबात धरा. ताटात वरून मीठ घेणं आजच बंद करा, घरातल्या सगळ्यांनीच. एकट्या पोराला अळणी वाढलंत, तर तो ते बाहेर जाऊन भरून काढेल.

डोकेदुखीवर स्वतःच्या मनाने गोळ्या देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं, आणि त्या सतत घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होते. शेजारच्या आजोबांची बीपीची गोळीही देऊ नका.

त्या मुलाची गोळी चालू आहे, बीपी आटोक्यात आहे. पण डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या, नजर अंधुक झाली, झटका आला, दम लागला किंवा चेहरा सुजून लघवी लाल-तपकिरी झाली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री गाडी करा आणि मोठा दवाखाना गाठा.