विधी आणि सवय

नित्यविधी हा आपल्या आचारधर्माचा पाया होय. स्मरण, विजन, भिक्षा, भोजन, अटन ही त्याची अंगे साधकाने प्रतिदिनी आचरावयाची असतात. परंतु जे प्रतिदिनी करावयाचे ते हळूहळू अंगवळणी पडते, आणि अंगवळणी पडलेल्या क्रियेतून मन केव्हा निघून जाते हे कळतही नाही. मग विधीही पाळावा आणि मनही जागे राहावे, हे कसे घडावे? प्रस्तुत लेखात या शंकेचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम विधी आणि सवय यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. विधी परमेश्वराच्या आज्ञेने प्राप्त होतो. सवय जीवाच्या सोयीने व आवडीने बनते. विधीत 'हे मी कोणासाठी करीत आहे' याचे भान असते. सवयीत ते भान लोपून केवळ क्रिया उरते. बाहेरून पाहता मात्र दोन्ही सारखीच दिसतात. स्मरणी बोटांतून सरकत आहे, नाम ओठांवर आहे आणि चित्त बाजारातील देण्याघेण्यात आहे, असे होते तेव्हा पाहणारास विधी दिसतो. प्रत्यक्षात तेथे सवय असते.

सूत्रपाठातील आचार प्रकरणात स्वदेश, स्वग्राम व आप्तजन यांचा संबंध सोडावयास सांगितले आहे. याचे प्रयोजन आसक्तीचा त्याग हे आहेच. परंतु आसक्ती एकाएकी उपजत नाही. तोच ओटा, तीच सावली, तेच ओळखीचे दार, अशा लहानसहान सवयींच्या रूपाने ती प्रथम घरात येते. अटनाने ही सवय रोज मोडते. नव्या ठिकाणी पाणी कोठे, बसावे कोठे, भूमी निर्जंतुक आहे की नाही, हे सर्व डोळे उघडून पाहावे लागते. म्हणून अटन हे जसे पायांचे, तसेच चित्ताचेही साधन होय.

अवधानाचे मोल आपल्या ग्रंथांच्या निर्मितीतूनही प्रत्ययास येते. श्रीनागदेवाचार्य विजनात सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण करीत असत. ते जाणून म्हाइंभटांनी लीळा लिहून घेण्याचे मनावर घेतले. ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते त्यांना गाठून विचारले, आणि शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. स्वामी कोठे बसले, काय बोलले, भोजन कोठे झाले, एवढ्या बारीक गोष्टी सांगता आल्या, कारण त्या भक्तजनांनी त्या काळी मन लावून पाहिले होते. स्थानपोथीत तर दाराची दिशा आणि आसनाची जागाही नोंदलेली आहे. आपण लीळा, मूर्ती, चेष्टा व नाम यांचे स्मरण करतो. ज्याला स्वतःच्या हाताची हालचाल उमगत नाही, त्याच्याकडून स्वामींच्या चेष्टांचे स्मरण कसे घडेल?

येथे एक स्वानुभव नमूद करणे उचित वाटते. प्रस्तुत लेखकाच्या घरी पाणी गाळून घेण्याचा नेम कधी चुकला नाही. पण एके सकाळी, रोजच्याप्रमाणे, भाताचे ऊन पाणी न पाहता मोरीत ओतले गेले. तेथे मुंग्यांची रांग होती. अहिंसेचा विधी ओठांवर होता आणि हाताने हिंसा घडली. त्यात द्वेष नव्हता, लोभही नव्हता. होती ती केवळ सवय. त्या दिवसापासून मोरीपाशी क्षणभर थांबून पाहिल्याशिवाय पाणी ओतावयाचे नाही, एवढाच नेम केला. तो लहान आहे. परंतु त्या क्षणी मन जागेवर येते.

वासनिकांनीही असे करून पाहावे. सभामंडपात नेहमीची जागा सोडून अन्यत्र बसावे. नित्याच्या वाटेऐवजी कधी दुसऱ्या वाटेने जावे. आवडीचा एखादा पदार्थ आठ दिवस वर्ज्य करावा. 'दंडवत प्रणाम' म्हणताना समोरच्याच्या मुखाकडे पाहून म्हणावे. भिक्षूंनी भिक्षेस जाताना पाय आपोआप कोणत्या आळीकडे वळतात, याचा शोध घ्यावा.

मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. मोडावयाची ती सवय, विधी नव्हे. चित्त लागत नाही म्हणून स्मरणाची वेळ टाळणे हा प्रमादच होय. तसेच 'मी सवयी मोडतो' हा अभिमान जडला, तर जुनी सवय जाऊन नवी अधिक घातक सवय पदरी पडेल. साधकाने रात्री निजण्यापूर्वी एवढेच विचारावे : आज केलेल्या क्रियांपैकी किती क्रियांत मी उपस्थित होतो? उत्तर खरे असले म्हणजे उद्याचा विधी आजच्याहून अधिक शुद्ध होईल.