गर्भपिशवीचे अस्तर किती जाड हवे?

टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घेणारी जोडपी सोनोग्राफीचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. ‘डॉक्टर, अस्तर साडेसहाच भरले. आता गर्भ राहणारच नाही का?’ हा त्यांचा प्रश्न ठरलेला. म्हणून आज या अस्तराविषयी.

गर्भपिशवीच्या आतला मऊ थर म्हणजे अस्तर. पाळीत तो गळून पडतो. पाळी संपताना त्याची जाडी जेमतेम २ ते ४ मिलिमीटर असते. मग इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे तो वाढतो आणि स्त्रीबीज सुटण्याच्या सुमारास साधारण ८ ते १२ मिलिमीटर होतो. पुढे प्रोजेस्टेरॉन त्याला गर्भ धरण्यास तयार करते. बीज सुटल्यावर सहा ते दहा दिवसांत गर्भ तेथे रुजतो.

सात मिलिमीटरपेक्षा कमी अस्तर पातळ समजतात. अशा वेळी गर्भ रुजण्याचे प्रमाण कमी आढळते, हे खरे. पण सात ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. त्याहून पातळ अस्तरातही गर्भ राहतात आणि दहा मिलिमीटर असूनही कित्येकदा राहत नाहीत. गर्भाची प्रत आणि स्त्रीचे वय यांचा वाटा जाडीपेक्षा मोठा आहे.

म्हणून आकड्यापेक्षा कारण शोधावे. पूर्वी क्युरेटिंग झाले असल्यास पिशवीत आतून चिकटलेले पडदे तयार होऊ शकतात. आपल्याकडे गर्भपिशवीचा क्षयही विसरून चालणार नाही. त्यात खोकला नसतो, कधी कधी फक्त पाळी कमी होते. क्लोमिफेनच्या गोळ्यांनीही काहींचे अस्तर पातळ राहते. पाळीवरचा स्राव पूर्वीपेक्षा कमी झाला असेल किंवा क्युरेटिंग झाले असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा.

उपचार कारणानुसार ठरतो. इस्ट्रोजेन देऊन काही दिवस अधिक वाट पाहतात. पडदे दुर्बिणीने सोडवतात. क्षय असल्यास त्याची औषधे पूर्ण घ्यावी लागतात. तरीही अस्तर वाढले नाही, तर गर्भ गोठवून पुढच्या एखाद्या पाळीच्या महिन्यात सोडता येतो. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने १९७८ मध्ये जन्मलेले बाळ अशाच गोठवलेल्या गर्भाचे होते. प्लेटलेट्सची इंजेक्शने वगैरे महागड्या उपायांना मात्र अजून भक्कम पुरावा नाही. पैसे भरण्यापूर्वी ‘याने नेमका किती फायदा होतो?’ असे स्पष्ट विचारावे. बीट, डाळिंब जरूर खा, पण त्याने अस्तर वाढेल या भरवशावर राहू नका.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. ‘जमीनच नापीक’ असे सुनेला म्हणू नका. अस्तराची जाडी तिच्या हातात नसते, आणि दोष पुष्कळदा पुरुषातही असतो. मूल हवे असेल तर वीर्यतपासणी अगदी सुरुवातीलाच व्हावी. ती साधी आणि बिनदुखण्याची आहे.