घरातील वीजवापराचा आलेख

देशातील पहिले अणुवीज केंद्र तारापूर येथे १९६९ साली सुरू झाले. या केंद्राच्या परिसरातील बोईसर, चिंचणी व पालघरच्या घरांतूनही वीज मोजूनच वापरावी लागते. महिन्याच्या बिलावरून एकूण वापर कळतो. तो कोणत्या दिवशी व कशामुळे वाढला हे कळत नाही. त्यासाठी मीटरची रोज नोंद घेऊन आलेख काढावा.

युनिट म्हणजे काय?

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास लावल्यास महिन्यास ९ युनिटे लागतात. ९ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाही. विहिरीवरील एक अश्वशक्तीचा पंप तासास सुमारे एक युनिट घेतो.

नोंद व आलेख

रोज एकाच वेळी मीटरवरील ‘के.डब्ल्यू.एच.’ हा आकडा वहीत लिहावा. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला म्हणजे दिवसाचा वापर मिळतो. चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर तारखा व उभ्या रेषेवर युनिटे मांडून बिंदू जोडावेत. पाहुणे आले, पंप जास्त चालला, इस्त्री केली, असे कारण तारखेखाली लिहावे.

उदाहरणार्थ, एका घराचे सहा दिवसांचे आकडे ३, ३, ४, ३, ६ व ६ असे आहेत. पाचव्या दिवशी रेषा एकदम चढली व खाली आली नाही. अशा वेळी टाकी भरूनही पंप चालू राहतो काय, शीतकपाटाचे दार नीट लागते काय, हे पाहावे.

महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत दर कमी असून पुढील युनिटांना तो चढा आहे. रोज ३ युनिटे म्हणजे महिन्यास ९०. रोज ४ म्हणजे १२०. एका युनिटाच्या फरकाने ही मर्यादा ओलांडली जाते.

मीटरवरील दिवा

बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरांवर लुकलुकणारा लहान दिवा असून एका युनिटास तो किती वेळा लुकलुकतो हे तेथेच लिहिलेले असते. ती संख्या ३२०० असेल व दिवा मिनिटात ४० वेळा लुकलुकला, तर त्या क्षणी ७५० वॅट वीज वापरली जात आहे असे समजावे. घरातील सर्व उपकरणे बंद करूनही दिवा लुकलुकत राहिल्यास परवानाधारक वायरमनकडून तारांची तपासणी करून घ्यावी. मीटरचे सील कोणीही उघडू नये.

बिलावरील आकडा त्या तारखेच्या नोंदीशी जुळत नसल्यास ही वही घेऊन वीज कार्यालयात लेखी तक्रार करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक पाड्यावर निदान एका घरी महिनाभर असा आलेख काढून दाखवावा. तो पाहून शेजारची कुटुंबेही वही घालतील.