पोटातला पट्टा आणि पानातला आग्रह

गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात. आपण मोदक करतो, घावन करतो, माशाचे कालवण करतो. पान वाढताना "आणखी एक घे" म्हणतो. ही आपली रीतच आहे. पण पाहुण्याच्या पोटावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हा आग्रह त्याला बाधतो. कसा, ते या पाठात पाहू.

ही शस्त्रक्रिया कशासाठी?

वजन फार वाढले की मधुमेह होतो, रक्तदाब वाढतो, गुडघे धरतात. खाणे आवरून आणि चालूनही वजन उतरले नाही, तर काही जणांना डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात. तिचे अनेक प्रकार आहेत.

एका प्रकारात जठराचा मोठा भाग कापून काढतात. 2017 साली इजिप्त देशातील इमान अहमद या बाईंना विमानाने मुंबईस आणले. सैफी रुग्णालयात 7 मार्चला त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. वर्तमानपत्रांत ही बातमी गाजली. त्यांचे वजन पुष्कळ उतरले. पुढे त्यांना अबुधाबीस नेले. त्यांना हृदयाचे व मूत्रपिंडाचे विकार होते. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला त्या वारल्या. वजन उतरले म्हणजे सारे आजार गेले, असे नसते.

दुसरा प्रकार पट्ट्याचा. यात जठर कापत नाहीत. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा मऊ पट्टा बसवतात. गोणीला सुतळी आवळावी तसा. पट्ट्याच्या वर एक लहानशी पिशवी तयार होते. ती थोड्या अन्नानेच भरते. पट्ट्याला एक बारीक नळी असते. नळीचे टोक कातडीखालच्या लहान डबीला जोडलेले असते. डॉक्टर सुईने या डबीत मिठाचे शुद्ध पाणी भरतात. पाणी भरले की पट्टा आवळतो. पाणी काढले की सैल होतो. आता हा पट्टा फार कमी बसवतात. पण पूर्वी बसवलेले लोक आपल्यात आहेत.

त्रास का होतो?

नरसाळ्यातून बाटलीत तेल ओतताना घाई केली तर काय होते? तेल वरून सांडते. पट्ट्याचेही तसेच. घास मोठा असला, नीट चावला नाही किंवा घाईने गिळला, तर तो अडकतो. छातीत कळ येते. तोंडाला पाणी सुटते. घास उलटून पडतो. चिकट भात, पाव, चिवट मटण, खोबऱ्याचा तुकडा हे पदार्थ जास्त अडकतात.

पट्टा फार आवळला असेल, तर रात्री आंबट पाणी घशाशी येते. जळजळ होते, खोकला येतो. खाणे-पिणे कमी झाल्यामुळे शौचास खडा होतो. वजन झपाट्याने उतरले तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. मग जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखते.

कधी पट्टा जागचा सरकतो. मग पाणीसुद्धा खाली उतरत नाही. पोटात जोराची कळ येते, उलट्या थांबत नाहीत. जठराचा रक्तपुरवठा बंद पडण्याची भीती असते. कधी पट्टा हळूहळू जठराच्या भिंतीत रुततो. डबीजवळची कातडी लाल होते, दुखते, पू येतो. अशा वेळी पट्टा काढावाही लागतो.

पुष्कळ दिवस उलट्या होत राहिल्या, तर शरीरातले ब-1 जीवनसत्त्व संपते. मग माणूस चालताना झोकांड्या खातो. त्याला एकाचे दोन दिसतात. तो असंबद्ध बोलू लागतो. घरचे म्हणतात, "बाधा झाली." बाधा नव्हे ही! जीवनसत्त्व वेळेवर मिळाले नाही, तर मेंदूला कायमची इजा होते. देवाला गाऱ्हाणे जरूर घाला, पण आधी दवाखाना गाठा.

आपण काय करावे?

1. आग्रह करू नये. पाहुण्याने "पुरे" म्हटले की हात थांबवावा.
2. मऊ अन्न वाढावे. मऊसर डाळ, कुळथाची पिठी, अंडे, काटे काढलेला मासा चालतो. लहान घास बारीक चावून, सावकाश खाऊ द्यावा.
3. गोड पातळ पदार्थ पट्ट्यातून सहज उतरतात. म्हणून ते जास्त खाल्ले जातात आणि वजन पुन्हा वाढते.
4. जेवताना पाणी पिऊ नये, मधल्या वेळी प्यावे. सोडा पिऊ नये. जेवल्याबरोबर आडवे होऊ नये.
5. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नये. काही गोळ्यांनी जठरात व्रण पडतो.
6. शस्त्रक्रियेचा कागद जवळ बाळगावा. कोणत्याही डॉक्टरांना प्रथम "माझ्या पोटात पट्टा आहे" असे सांगावे. यात लाज कसली? कातडीवरून पट्टा दिसत नाही. सांगितले नाही तर साध्या पित्ताचे औषध मिळते आणि वेळ जातो.

पाणी उतरेना, पोटात जोराची कळ आली, उलटीत रक्त पडले, शौच डांबरासारखे काळे झाले किंवा ताप भरला, तर सकाळची वाट पाहू नका. 108 क्रमांकावर फोन करा. रुग्णवाहिका बोलवा आणि मोठे रुग्णालय गाठा. डबीतले पाणी वेळेवर काढले, तर पुष्कळदा आराम पडतो. ते काम जाणत्या डॉक्टरांचेच आहे. घरी कोणी सुई लावू नये.

उत्तरे सांगा

1. पट्टा सैल कसा करतात?
2. कोणते पदार्थ अडकतात?
3. डॉक्टरांना प्रथम काय सांगावे?
4. तुमच्या घरी असा पाहुणा आला, तर पान कसे वाढाल?