रक्तातील खुणा आणि फुप्फुसाची हानी

घरात कोणास ताप आला, खोकला हटेना, की डॉक्टर रक्त तपासावयास सांगतात. सायंकाळी रिपोर्ट हाती येतो आणि त्यातील एखादा आकडा जाड ठशात छापलेला पाहून सारे घर घाबरे होते. २०२० व २०२१ साली कोविडच्या साथीत हा अनुभव आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांस आला. त्या आकड्यांनी पुष्कळांस विनाकारण घाबरविले आणि काहींस खोटा धीरही दिला. म्हणून हे आकडे येतात कोठून व त्यांवरून काय ठरविता येते, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधुभगिनींपुढे मांडावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम फुप्फुसाची रचना ध्यानी घेऊ. दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. त्यांची भिंत मुख्यतः दोन प्रकारच्या पेशींची बनलेली असते. पहिल्या प्रकारच्या पेशी अतिशय पातळ व पसरट. सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच व्यापलेला असतो व त्यांतूनच प्राणवायू रक्तात उतरतो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी ठेंगण्या व जाड. त्या सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ तयार करतात. साबणाप्रमाणे तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे श्वास सोडताना वायुकोश मिटून जात नाहीत. पहिल्या प्रकारच्या पेशी मेल्या, तर त्यांची जागा भरून काढण्याचे कामही या दुसऱ्या पेशींचेच होय.

इन्फ्लुएंझाचा वा कोविडचा विषाणू बहुतेकांच्या बाबतीत नाक, घसा व श्वासनलिका यांपुढे जात नाही. तो खाली उतरला, तर वायुकोशांच्या पेशींत शिरतो. पेशी मरतात, पातळ पडदा गळका होतो, रक्तातील पाणी व प्रथिने वायुकोशांत झिरपतात. त्याच वेळी भिंतीतील काही द्रव्ये उलट दिशेने रक्तात येतात. रक्ततपासणीत आपण ज्या खुणा शोधतो, त्यांतील काही याच होत.

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाले, की वर कोठेतरी माती ढासळली हे कळते; पण कोणत्या ओढ्याची, ते नुसत्या गढूळपणावरून कळत नाही. एखाद्या टेकडीचीच खास तांबडी माती पाण्यात दिसली, तर मात्र अंदाज बांधता येतो. रक्तातील खुणांचेही तसेच आहे.

खास फुप्फुसाकडे बोट दाखविणाऱ्या खुणा थोड्या आहेत. सर्फॅक्टंट प्रोटीन डी आणि केएल-६ ही द्रव्ये मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या पेशींकडून येतात. केएल-६चा शोध जपानी संशोधकांनी लावला व तेथे जुनाट फुप्फुसविकारांच्या निदानात त्याचा उपयोग रूढ झाला. ‘रेज’ नावाच्या प्रथिनाचा रक्तात आढळणारा अंश पहिल्या प्रकारच्या पेशींची हानी सुचवितो. परंतु आपल्या गावच्या नेहमीच्या प्रयोगशाळेत या तपासण्या सहसा होत नाहीत.

आपल्या रिपोर्टांत असतात त्या बहुधा गढूळपणाच्या खुणा. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते. त्याचा शोध १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात लागला खरा. पण शरीरात कोठेही दाह झाला तरी ते वाढते. एलडीएच हे विकर जवळजवळ सर्व पेशींत असते. फुप्फुसाच्या पेशी फुटल्या की ते वाढते. तसेच यकृत वा स्नायू दुखावले, किंबहुना रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तरीही वाढते. डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा तुकडा. तो वाढत्या वयात, गरोदरपणी व शस्त्रक्रियेनंतरही अधिक आढळतो. फेरिटिन हे लोह साठविणारे प्रथिन दाहातही वाढते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मात्र गंभीर आजारात कमी होतात.

मग या तपासण्या निरुपयोगी का? मुळीच नाही. सीआरपी व एलडीएच लागोपाठ चढत आहेत आणि लिम्फोसाइट उतरत आहेत, असे दिसले की डॉक्टर सावध होतात. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांचा कल अधिक बोलका असतो. मात्र तुलना करताना एकक पाहावे. सीआरपी एका प्रयोगशाळेत मिलिग्रॅम प्रतिलिटर, तर दुसरीत मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर या एककात छापतात. तेव्हा एकीकडचे ६० आणि दुसरीकडचे ६ हे एकच होय. डी-डायमरच्या दोन प्रचलित एककांतही सुमारे दुपटीचा फरक पडतो.

आकड्यास त्याची योग्य जागा कोणती, हे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने चांगले दाखविले. जून २०२० मध्ये तिचा निष्कर्ष आला. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, नुसता प्राणवायू लागणाऱ्यांत सुमारे एक-पंचमांशाने. ज्यांस प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांस लाभ झाला नाही. पुढे त्याच चाचणीत टोसिलिझुमॅब हे औषध तपासताना सीआरपी ७५ मिलिग्रॅम प्रतिलिटर वा अधिक, ही अट होती. पण तिच्या जोडीला रक्तात प्राणवायूची उणीव असणेही आवश्यक होते. नुसता आकडा तेथेही पुरेसा मानला नाही.

आपल्याकडे काही घरांत मात्र आकडा पाहूनच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते व प्रतिकारशक्ती दबते. २०२१ साली काळ्या बुरशीचा जो उद्रेक झाला, त्यात मधुमेह व स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही प्रमुख कारणे आढळली. कित्येकांनी डोळा गमावला, कित्येकांनी प्राण.

म्हणून सभासदांस आमची विनंती एवढीच. रिपोर्ट तारीखवार एका फायलीत लावावेत आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेतून तपासणी करावी. बोटास लावावयाच्या ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी आकडा येऊ लागला, श्वासाची गती वाढली, किंवा चार पावले चालताच धाप लागली, तर रक्ताच्या रिपोर्टाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. ९० च्या खाली गेल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. उलट रोगी नीट श्वास घेत आहे, जेवतो-बोलतो आहे आणि एखादाच आकडा वाढला आहे, तर शेजाऱ्याची औषधाची चिठ्ठी आपल्या घरी वापरू नये.